जयराजचे आजोबा

सांगलीहून कॉलेजचं पत्र आलं, ते मी दोनदा वाचलं, पाकिटात परत घातलं आणि पाकीट टेबलावरच्या शब्दकोशाखाली सरकवून दिलं. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. द्यायचं नाही असं ठरवलं होतं, अशातला भाग नाही. माझं काही ठरतच नाही, हीच तर अडचण आहे. उत्तर लिहायला बसलो की मायन्यालाच अडतो. ‘आदरणीय’ लिहावं तर लाचारी वाटते, ‘सप्रेम नमस्कार’ लिहावं तर अनोळखी बाईंशी सलगी केल्यासारखं होतं, आणि नुसतं ‘महोदया’ लिहिलं तर मीच सरकारी कचेरी झालो असं वाटायला लागतं. तेवढ्यात चहाची वेळ होते आणि कागद राहून जातो.

पत्र छोटं होतं. तंत्रनिकेतनाच्या संगणक विभागातल्या प्रा. पायल बनसोडे यांनी लिहिलं होतं की, आपली नात कु. ऋचा हिच्या ‘प्रगत ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग’ या विषयाच्या जर्नलमधला चौथा प्रयोग कोणी लिहिला आहे, हे स्थानिक पालक या नात्याने कृपया लेखी कळवावे. आपले उत्तर येईपर्यंत जर्नलवर सही करता येणार नाही. सही नाही म्हणजे टर्मवर्क नाही, टर्मवर्क नाही म्हणजे परीक्षेला बसायचं नाही, आणि मग वर्ष गेलं. हे सगळं ऋचानं मला आधीच समजावलं होतं. तिचे आईवडील अंकलेश्वरला असतात, म्हणून कॉलेजच्या कागदांवर पालक म्हणून साताऱ्याचा पत्ता आणि माझं नाव.

उत्तर खरं तर एका शब्दाचं होतं. मी.

गणपतीच्या सुट्टीत ऋचा सांगलीच्या हॉस्टेलवरून आली ती झेरॉक्सचा एक गठ्ठा घेऊन. मला वाटायचं, प्रोग्रामिंग शिकणारी मुलं संगणकावर लिहीत असतील. तसं नसतं. प्रोग्राम संगणकावर चालवायचा आणि मग तो पहिल्यापासून शेवटपर्यंत शाईच्या पेनानं रेघांच्या कागदावर उतरवायचा. शेजारच्या कोऱ्या पानावर पडद्यावर जे उमटलं तेही पेन्सिलीनं लिहायचं. लिहिण्याचे कष्ट वाचावेत म्हणून जे यंत्र निघालं, ते शिकण्यासाठी मुलांनी बोटांना घट्टे पाडून घ्यायचे! मी हे बोलून दाखवलं, तर ऋचा म्हणाली, “तुमचं अक्षर किती छान आहे आजोबा.”

“अगं, मला यातलं ओ की ठो कळत नाही.”

“कळून घ्यायचंच नाहीये. हे झेरॉक्समध्ये आहे ना, ते इथे उतरवायचं. चित्र काढल्यासारखं. मयूरीची वही तिची आई लिहिते. अनीशची तर आत्या लिहिते, आणि ती ब्यूटी पार्लर चालवते.”

मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. पंचांगं, शाळांचे अहवाल, पतसंस्थांच्या सभासदांच्या याद्या, लग्नपत्रिका. न वाचता उतरवणं ही गोष्ट मला कुणी शिकवलीच नाही. पहिले तीन प्रयोग मी दात-ओठ खात उतरवले. ओळीच्या शेवटी अर्धविराम, कंस उघडला की चार ओळींनंतर कुठेतरी तो मिटायचा. हे निदान शिस्तीचं होतं. चौथ्याला मात्र माझं डोकं फिरलं. त्यात तीन कामं होती. एक वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायचं, दुसरं आयताचं, तिसरं त्रिकोणाचं. आणि तिन्ही कामांचं नाव एकच: एरिया, एरिया, एरिया. कोण हा निष्काळजी माणूस, ज्यानं एकच शब्द तीनदा जुळवला आणि तपासला नाही!

पूर्वी एका पतसंस्थेच्या यादीत धुळा बाबू नावाचे तीन सभासद आले होते. तेव्हा मी त्यांच्यापुढे एक, दोन, तीन असे आकडे घातले होते आणि मालकांनी माझी पाठ थोपटली होती. इथेही मी तेच केलं. एरिया-एक, एरिया-दोन, एरिया-तीन. खाली जिथे जिथे ती नावं वापरली होती तिथेही दुरुस्ती केली. मनातून मला फार बरं वाटलं. ऋचाला सांगावं असंही वाटलं, पण ती मोबाइलवर होती, आणि मला वाटलं, आपण काय मोठेपणा सांगायचा.

आता कळतं की तो प्रयोगच मुळी एका नावाची तीन कामं दाखवण्यासाठी होता. त्याला ओव्हरलोडिंग म्हणतात. मी प्रयोगातून प्रयोग काढून टाकला होता.

पत्र आल्यावर पंधरवड्यात ऋचाचे फोनावर फोन आले. “आजोबा, लिहिलंत का?” “लिहितोय.” “काय लिहिताय? मीच लिहिलाय असं लिहा.” “पण तू लिहिला नाहीस.” “आजोबा, प्लीज!” आणि फोन बंद. मी परत मायन्यापाशी.

खालच्या मजल्यावर लालासाहेब राहतात. पाटणकडचे, पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते बागेला पाणी घालताना माझी रोजची हजेरी घेतात.

“आवं गोपाळराव, गेलं का पत्र?”

“मजकूर जुळत नाही, लालासाहेब.”

“मजकूर कसला जुळवताय? तिथं जावा, बाईंच्या फुडं हुबं ऱ्हावा आन् सांगा, म्या ल्हिलंय म्हून. खतम! तुमी लय इचार करता राव. इचार करणाऱ्याला आमच्याकडं संडास खणायच्या ड्युटीवर घालत हुते.”

त्यांचं म्हणणं मला पटलं. लिहायला जमत नाही तर बोलून मोकळं व्हावं. मी एसटीनं सांगलीला गेलो. साऱ्या वाटेवर एकच वाक्य घोकत होतो: ‘नमस्कार, मी ऋचाचा आजोबा, चौथा प्रयोग मी लिहिला.’ कराडपर्यंत ते वाक्य चांगलं वाटत होतं. पुढे त्यातलं ‘नमस्कार’ खटकायला लागलं.

कॉलेजच्या व्हरांड्यात मुलं ओळीनं जमिनीवर बसली होती. एका फाईलची पानं सुटी करून वाटून घेतली होती. एकाचं उतरवून झालं की तो पान पुढे सरकवायचा. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पंगतीत वाढप चालावं तसं चाललं होतं. त्यांच्यातून वाट काढत मी विभागाच्या दारात उभा राहिलो. आत एक बाई होत्या, तिशी-पस्तिशीच्या, समोर जर्नलांची चळत. पान उलटायचं, सही करायची, पान उलटायचं, सही करायची. त्यांनी वर बघितलं.

“या ना. जयराजचे आजोबा ना तुम्ही? मेढ्याहून? तो म्हणाला होता, हॉस्टेलच्या कागदावर सही करायला घरचं कुणीतरी येईल.”

‘नाही’ हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. पण बाईंनी इतक्या आपुलकीनं खुर्ची पुढे केली की त्यांना चुकीचं ठरवणं मला फार उद्धटपणाचं वाटलं. मी मान हलवली. होकारार्थी.

“त्याची काळजी करू नका. वही पूर्ण आहे, सही झालीय. एकही चूक नाही.”

“चांगलंच आहे की,” मी म्हणालो. जयराजचे आजोबा तसंच म्हणाले असते.

“कसलं चांगलं, आजोबा!” त्यांनी चळतीवर हात आपटला. “एकाही वहीत एकही चूक नाही. होईलच कशी? हा सहावा प्रयोग बघा. विद्यार्थ्याचं नाव घालायचं आणि त्याचा निकाल छापायचा. ही मयूरीची वही. नाव काय? वीरधवल. ही अनीशची. वीरधवल. ही तुमच्या जयराजची. वीरधवल! वर्गात या नावाचा मुलगाच नाही. ही सगळी जी उतरवतात ती फाईल त्याची; तो कधीचा पास होऊन पुण्याला नोकरीला लागला. मीच शिकवलंय त्याला. परवा लग्नाची पत्रिका आली त्याची. आणि इथे दरवर्षी तो नव्यानं पहिल्या वर्गात पास होतोय.”

मलाही वहीत तो वीरधवल भेटला होता. मला वाटलं होतं, गणिताच्या पुस्तकात जसा राम आंबे घेतो, तसा हा कुणीतरी असेल.

“मग तुम्ही सही का करता?” माझ्या तोंडून निघून गेलं.

बाई रागावल्या नाहीत. पेनाचं टोपण लावत म्हणाल्या, “नाही केली तर सगळा वर्ग घरी बसवावा लागेल. वरून विचारतात, बाकीच्या विभागांत होतंय, तुमच्याच विषयाला कसं अडतं? मग करते. मीही उतरवतेच, आजोबा. माझीच सही.” त्यांनी कपाटातून एक वही काढली. माझं अक्षर मी दारातूनही ओळखलं असतं. “आणि मग हे एक निघालं. चौथ्या प्रयोगात कुणीतरी नावं बदललीत. पार चुकीचं आहे. पण मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत कुणीतरी ते वाचलं, डोकं चालवलं आणि स्वतःची चूक केली. मी मुलीला विचारलं, अगं, असं का केलंस? तर म्हणते, ‘फाईलमध्ये तसंच होतं, मॅडम.’ फाईल मला पाठ आहे! म्हणून तिच्या घरी लिहिलं. ज्यानं हे केलं त्याच्याशी बोलायचंय मला. तर लोक उत्तरच देत नाहीत.”

“देतील,” मी म्हणालो. “माणूस भित्रा असेल.”

“पत्राला कसली भीती?”

जयराजच्या आजोबांनी खिशातला चष्मा काढून पुसला. बाई सांगत होत्या, “सोमवारी तोंडी घेणार आहे तिची. शुक्रवारी माझे परीक्षेच्या मंजुरीचे कागद वर जातात. तोवर घरून काहीच आलं नाही, तर तिचं नाव त्यात नसेल. मला वाईट वाटेल, पण माझाही इलाज नाही.”

हीच ती वेळ होती. मी उठून उभा राहिलो, घसा साफ केला आणि विचारलं, “इथं वाचनालय कुठे आहे?”

याहून अधिक मला स्वतःबद्दल काही सांगायचं नाही.

वाचनालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी ‘आपण?’ असं विचारलं. एकदा बोललेलं बदलायला नको म्हणून मी तिथेही जयराजचा आजोबाच झालो, आणि चष्मा लावून त्या विषयाचं पुस्तक घेऊन बसलो. आता निदान आपण काय बिघडवलं ते तरी कळावं. पण ते पुस्तक लिहिणाऱ्याला वाचकाचा राग असावा. एका वाक्यात न कळलेले तीन शब्द, ते कळावेत म्हणून पुढचं पान, तिथे आणखी चार. म्हणे वर्ग हा नकाशा आणि ऑब्जेक्ट म्हणजे घर. बरं. मग पुढच्याच पानावर वर्गाला मुलं होतात. नकाशाला मुलं कशी होतील? आणि त्या मुलांना आईबापाकडून सगळं मिळतं, फक्त जे खाजगी असतं त्याला हात लावता येत नाही. ही माणसं हे कुणाला विचारून ठरवतात! मी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. शेवटी भडंगाचा पुडा घेऊन एसटीत बसलो.

दुसऱ्या दिवशी ऋचाचा फोन आला. आवाजात भलताच उत्साह.

“आजोबा, आमच्या कॉलेजात भूत आलं होतं!”

“काय?”

“खरंच! मॅडम जयराजला म्हणाल्या, काल तुझे आजोबा भेटले, फार सज्जन वाटले. जयराज जागच्या जागी खालीच बसला. त्याचे आजोबा वारलेत, गेल्या वर्षी! मॅडमचा चेहरा पांढरा पडला. आणि लायब्ररीतले काका म्हणतात, त्यांनी पण बघितलं. चष्मा लावून आमच्याच विषयाचं पुस्तक वाचत होते. मधूनच मान हलवत होते म्हणे. जयराजनं घरी आजीला फोन केला. ती म्हणाली, नातवाच्या शिक्षणात जीव अडकलाय त्यांचा. ती आता काहीतरी शांत करून घेणारे. आजोबा? ऐकताय ना?”

मी ऐकत होतो. मेढ्याच्या कुठल्याशा घरात एक म्हातारी बाई माझ्यामुळे आपल्या नवऱ्यासाठी पुन्हा रडत होती. इथवर कोण घेऊन आलं मला? एक ‘नाही’ बोलायचं होतं.

लालासाहेबांना सांगितल्यावाचून राहवलं नाही. ते आधी इतके हसले की पाण्याची झारी खाली ठेवावी लागली.

“जितेपनी भूत झालासा की वो! लय भारी! आमच्या पलटणीत बी असला गडी न्हवता.” मग मात्र एकदम गंभीर झाले. “पर त्या म्हातारीचं काय? तिला असं ठिवायचं न्हाई, गोपाळराव. आता तुमच्या नातीचं काय व्हायचं ते हू द्या. तुमी पैलं ल्ह्या.”

“खरं लिहिलं तर ऋचाचं वर्ष जाईल.”

“आन् न ल्हिता ऱ्हातंय व्हय?”

न लिहिताही जातंच होतं. हा हिशेब मी इतके दिवस केला नव्हता.

शनिवारी ऋचा आली. तिला समोर बसवून मी सांगितलं. भूत मी होतो, हे ऐकल्यावर तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला.

“आजोबा, तुम्ही... तुम्हाला फक्त उतरवायला सांगितलं होतं ना मी? फक्त उतरवायला! कुणी वाचायला सांगितलं होतं? अख्ख्या वर्गात कुणाचं काही झालं नाही. माझंच. कारण माझेच आजोबा वाचतात!”

“माझं चुकलं.”

“आता असं लिहा की मी लिहिलं होतं, आणि जयराजचं ते गैरसमजानं झालं. सोमवारी तोंडीत मी काहीतरी सांगेन.”

“काय सांगशील?”

मग मी तिला बाई जे म्हणाल्या होत्या ते सांगितलं. इतक्या वर्षांत कुणीतरी वाचलं, डोकं चालवलं, म्हणून त्यांना आनंद झाला होता.

“असं म्हणाल्या? माझ्याबद्दल?”

“आधी तुझ्याबद्दलच वाटलं त्यांना. मग तू म्हणालीस, फाईलमध्ये तसंच होतं.”

ऋचानं भडंगाचा पुडा ओढला आणि खात बसली. तिचे कान लाल झाले होते. पुडा अर्धा झाल्यावर म्हणाली, “कागद आहेत का घरात? जर्नलचे?”

तिनं लॅपटॉप उघडला आणि आधी माझाच प्रयोग टाइप केला, एक-दोन-तीनसकट. चालवला. तिन्ही क्षेत्रफळं बरोबर आली.

“चालतोय की!” मी खुर्चीतून उठलोच. “मग चूक कसली?”

“चालतो हो. पण मुद्दा तो नाहीये.”

“चालतो, उत्तर बरोबर येतं, नावं स्वच्छ वेगळी आहेत. आणखी काय मुद्दा असतो?”

“आजोबा, नाव एकच ठेवायचं. तुम्ही त्याला काय देता, त्यावरून त्यानं ओळखायचं की कुठलं काम करायचं.”

मी विचार केला. “म्हणजे पंगतीत आपण ‘वाढा’ म्हणतो. भाताची परात ज्याच्याकडे तो भात वाढतो, जिलबीवाला जिलबी वाढतो. शब्द एकच.”

“हां!” ती म्हणाली, आणि लगेच थांबली. “नाही. नाही, नाही. ते ओव्हररायडिंग झालं. वाढपी वेगवेगळे आहेत ना तुमचे? इथे वाढपी एकच. तुम्ही त्याच्यापुढे वाटी धरली तर तो आमटी वाढतो, पान दाखवलं तर भात.”

“मग त्याच्याकडे सगळं असायला हवं.”

“असतं! म्हणून तर तीन लिहायचे!”

“आणि नावं एकच का?”

“अहो!” तिनं दोन्ही हातांनी केस धरले. “कारण जेवणाऱ्यानं लक्षात का ठेवायचं, की दोन नंबर म्हणजे आमटी का भात? तुमच्या प्रोग्राममध्ये वापरणाऱ्यानं दर वेळी आकडा पाठ करायचा. एरिया-दोन म्हणजे आयत का त्रिकोण? सांगा बघू, न बघता.”

मला सांगता आलं नाही. मीच दिलेले आकडे होते. आणि मग मला त्या पतसंस्थेच्या निवडणुकीचा दिवस आठवला. तीन धुळा बाबू मतदानाला आले होते आणि त्यांतल्या एकालाही आपण कितवे ते माहीत नव्हतं. दुपारपर्यंत भांडण चाललं होतं. एकजण छापखान्यात येऊन मला म्हणाला होता, “मला तीन नंबर कुनी केला? थोरला मी हाय!” मालकांनी पाठ थोपटली एवढंच मी ध्यानात ठेवलं होतं.

“ठीक आहे,” मी म्हणालो. “एकच नाव ठेव.”

“तुम्हाला पटलं?”

“पूर्ण नाही. पण ठेव.”

“मला आत्ता पटलं,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि कंटाळलेल्या माणसासारखी नाही, तर कुणाला तरी उत्तर द्यायचंय अशी टाइप करू लागली. झेरॉक्स तिनं बाजूला उलटी घालून ठेवली होती. तीन आकार झाल्यावर म्हणाली, “चौथा घालते. चौरस. माझा स्वतःचा.” आणि थोड्या वेळानं ओरडली, “हे काय! वर्तुळाचं पंचवीस कसं येतंय?”

या वेळी मी शपथेवर सांगतो, मी कशालाही हात लावला नव्हता.

ती चिडली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. सगळं पुसायला निघाली, मग थांबली. अखेर तिला सापडलं. वर्तुळालाही एकच आकडा लागतो आणि चौरसालाही एकच. तिनं चौरसाला पूर्णांक लावला होता आणि वर्तुळाला दशांश. त्रिज्या नुसती पाच दिली, की यंत्राला वाटायचं, पूर्णांक आलाय, म्हणजे चौरस. पाच पॉइंट शून्य दिलं की वर्तुळ. ती हे मला सांगत होती तेव्हा इतकी वैतागलेली आणि इतकी खूश होती की मला मध्येच ‘म्हणजे काय’ विचारण्याचा धीर झाला नाही.

“काढून टाकतेस का चौरस?”

“मुळीच नाही. असाच ठेवते. खाली लिहिते, इथे असं चुकतं आणि ते का चुकतं.”

मग तिनं तो कागदावर उतरवला, स्वतःच्या अक्षरात. तिचं अक्षर भयंकर आहे. रेघ वरून खाली जाते, कंस कमरेतून वाकलेले. एका ठिकाणी अर्धविराम राहिला होता. माझा हात आपोआप पेनाकडे गेला, तेव्हा तिनं न बघताच म्हटलं, “आजोबा.” मी हात मांडीखाली घेतला. थोड्या वेळानं तिलाच तो दिसला आणि तिनं घातला. बाकीचे सगळे प्रयोगही आपणच पुन्हा लिहिणार म्हणाली, सोमवारपर्यंत जितके होतील तितके. सहाव्यात वीरधवलाला निरोप देणार होती.

“आता तुम्ही तुमचं लिहा,” ती म्हणाली. “खरं तेच लिहा. मला काय व्हायचं ते होऊ दे. पण त्या जयराजच्या आजीचं आधी लिहा.”

मी लिहायला बसलो. मायना ‘प्रिय बनसोडे मॅडम’ असा घातला आणि तो योग्य आहे की नाही हा विचार करायला लागण्याआधी पुढची ओळ लिहून टाकली. गेल्या आठवड्यात आपल्याला भेटलेला इसम जयराजचा आजोबा नव्हता. तो मी होतो, आणि जिवंत आहे. ही गोष्ट जयराजला आणि त्याच्या आजींना कृपया तातडीनं कळवावी, मी त्यांची क्षमा मागायला मेढ्याला जाणार आहे. ऋचाची पहिली वही सगळी माझ्या हातची. चौथ्या प्रयोगातली चूक माझी, त्या चुकीचं श्रेय किंवा दोष ऋचाकडे जाऊ नये. ती आता आणेल ती वही तिच्या हातची आहे आणि तिच्यातली चूक तिची स्वतःची आहे. तिची तोंडी परीक्षा हवी तितकी कडक घ्यावी. नियमानं तिचं टर्मवर्क नाकारायचं असेल तर आपण नाकाराल; मी तक्रार करणार नाही. फक्त नाकारण्यापूर्वी वही वाचावी.

शेवटच्या वाक्यावर मी अडलो. सही करून करून थकलेल्या बाईंना ‘वाचावी’ असं सांगणारा मी कोण? खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

“द्या, मी उद्या नेते,” ऋचा म्हणाली. “हातोहात देते मॅडमना.”

“नको. तुझ्या पिशवीत असलं तर तुझी गाडी कराडला पोचेपर्यंत मी फोन करून तुला एक शब्द बदलायला सांगेन.”

तिनं वाद घातला नाही. माझं ते तिला माहीत आहे. तोंडीत मॅडमनी विचारलं तर पत्र पोस्टात आहे एवढंच सांगेन, असं म्हणाली, आणि रविवारी दुपारच्या गाडीनं गेली. तोवर सात प्रयोग झाले होते. गाडीतही लिहीन म्हणाली; मी म्हटलं, आधीच तुझं अक्षर तसलं. ती चक्क हसली.

सोमवारी पोस्ट उघडायच्या आधीच मी पायरीवर होतो. लालासाहेब सोबत आले होते. मला धीर द्यायला नव्हे, मी परत फिरू नये म्हणून. खिडकीतल्या मुलीनं पाकीट वजनकाट्यावर टाकलं, पत्ता टाइप केला, चिकटपट्टी लावली आणि ते मागच्या पिशवीत भिरकावलं. त्याच क्षणी मला वाटलं, ‘क्षमा मागायला’ ऐवजी ‘दिलगिरी व्यक्त करायला’ हवं होतं का? नाही, ‘क्षमा’च बरोबर. पण मग ‘प्रिय’? एका अनोळखी बाईंना ‘प्रिय’?

“मॅडम,” मी खिडकीत वाकून म्हणालो, “ते पाकीट जरा परत बघता येईल का?”

“ते आता तुमचं न्हाई आजोबा,” ती म्हणाली. “कधी पोचंल ते मोबाइलवर दिसंल. पुढचे कोण?”

लालासाहेबांनी माझं बखोट धरलं आणि मला रांगेतून बाहेर काढलं.